उभे सर

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सरांची एक खुर्ची होती, आणि तिच्यावर मी माझा डबा, छत्री आणि तपासायचे पेपर ठेवायचे. नवीन रुजू झालेल्या माणसाला हा उद्धटपणा वाटायचा. राज्यशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या खुर्चीवर गणिताच्या मॅडमनी संसार मांडलाय आणि विभागप्रमुख खिडकीच्या कठड्याला कोपर टेकवून उभे आहेत, हे काय चाललंय? पण त्या खुर्चीचा दुसरा काही उपयोगच नव्हता. सर बसत नसत.

बसत नसत म्हणजे कुठेही नसत. तास उभ्याने घेत, त्यात विशेष काही नाही. पण पेपरही उभ्यानेच तपासत, कपाटावर गठ्ठा ठेवून. डबा उभ्याने खात, एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. प्राचार्यांच्या बैठकीत सगळे गोल करून बसलेले आणि सर दाराशी. कुणी म्हणालं, "बसा ना सर," तर म्हणायचे, "तुमचं चालू द्या, मी ऐकून राहिलो." त्यामुळे आमच्या बैठका लवकर संपत. एक माणूस डोक्यावर उभा असला की कुणालाही पाल्हाळ लावायची लाज वाटते. पोरं त्यांना 'उभे सर' म्हणत. हे नाव इतकं रुळलं, की एका नव्या प्राचार्यांनी ते आडनाव समजून स्नेहसंमेलनात जाहीर केलं, "आता प्राध्यापक उभे आपले विचार मांडतील." सरांनी दुरुस्ती केली नाही. सरळ माईककडे गेले आणि विचार मांडले.

ते का बसत नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी अमरावतीची, मनात आलेलं न विचारता राहणं मला जमत नाही. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाले,

"वेगळा विदर्भ झाला का बसतो."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला. नंतर कळलं, की हेच उत्तर ते सगळ्यांना देत आले होते. कॉलेजात ते एखाद्या नियमासारखं मान्य झालेलं होतं. पुढे ही गोष्ट वेगळ्या विदर्भासाठी धडपडणाऱ्या काही मंडळींच्या कानावर गेली. त्यांचे म्हातारे पुढारी होते, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी अकोल्यात सभा घेतली आणि सरांना शाल-श्रीफळ दिलं. सत्कारमूर्तीसाठी लग्नातली असते तशी लाल मखमलीची खुर्ची मागवली होती. सर तिच्या पाठीवर हात ठेवून अख्खी सभा उभे राहिले, आणि त्याला टाळ्या पडल्या.

परत येताना मी म्हटलं, "सर, आता तुम्ही खरंच कधी बसणार नाही?"

"आता तं बसताच येत नाई," सर म्हणाले, "शाल घेतली न."

शनिवारी कॉलेज सुटलं की आम्ही अकोल्याहून एकाच एसटीने निघायचो. मी अमरावतीला घरी, आणि सर तिथून पुढे चांदूर बाजारला. राहायचे ते अकोल्यात, जठारपेठेत, पण जीव सगळा चांदूर बाजारजवळच्या वावरात, आपल्या शेतात. गाडी फलाटाला लागली रे लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात सरांचा हात कुणी धरू शकत नसे. उंच माणूस, लांब हात. आणि इतक्या शिताफीने धरलेल्या जागेवर बसायचं मात्र नाही. जागेच्या शेजारी दांडा धरून उभे राहायचे. रिकामी जागा पाहून उभे प्रवासी तिच्याभोवती घोटाळू लागले, की सर घसा साफ करत.

"लोकशाही हाये. उमेदवारांनं आपली बाजू मांडावी."

मग एक जण गुडघे सांगायचा, एक बाई कडेवरचं पोर दाखवायची, एखादा म्हणायचा मी थेट दवाखान्यातून आलोय. बसलेल्या प्रवाशांनी हात वर करून मतदान करायचं. कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून मतमोजणी करायचा. एकदा एक जाडजूड व्यापारी एका म्हातारीविरुद्ध पडला आणि फेरमोजणी मागू लागला. सर त्याला म्हणाले, "पुढच्या शनिवारी उभा राय." मूर्तिजापूरपर्यंत त्या गाडीत भांडण नाही, कुरबूर नाही, सगळे हसतायत. मी माझ्या जागेवरून हे पाहायचे आणि मला वाटायचं, या माणसाला गर्दीत उभं राहण्यातच आनंद आहे. डोळ्यांना दिसतं त्यावर आपला किती विश्वास असतो!

सरांच्या वावरात थंडीत रोडग्यांचा बेत असायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, आणि वर तूप. सगळं कॉलेज आणि सगळी गल्ली यायची. तिथे सरांचा एक कायदा होता. "बायायची पंगत पयली. वर्षभर तुमी वाढता, आज मी वाढतो." आम्ही बायका सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसायचो, पुरुष झाडाखाली ताटकळत उभे, आणि सर तुपाची किटली घेऊन पंगतीतून फिरायचे. आग्रह असा की नाही म्हणायची सोय नाही. मी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरायचे, तर त्या हातांवर तूप ओतायला कमी करत नसत.

"सर, पोटात जागा नाही हो!"

"मंग उभी राय घडीभर. उभ्या मानसात जास्त मावते. माह्याकडं पाय."

स्वतः मात्र पंगतीत कधी बसले नाहीत. सगळ्यांचं आटोपलं की आराजवळ उभ्याने एक रोडगा कुस्करून खायचे. "किती निःस्वार्थी माणूस आहे," असं आम्ही बायका एकमेकींना सांगायचो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हा उठून पत्रावळी गोळा करायला लागत.

मग एकदा सर नागपूरला काम आहे सांगून आठवडाभर रजेवर गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज असा की मला आधी ओळखूच आला नाही.

"मी कुठून बोलून राहिलो, सांग बरं."

"नागपूरहून."

"नागपुरात कुठून?"

"आता मला काय माहीत सर!"

"खुर्चीतून," सर म्हणाले. "खुर्चीत बसून चहा पिऊन राहिलो. संपला बी नाई अजून."

"काय सांगता? झाला की काय विदर्भ?" मी म्हटलं. सर खो खो हसले आणि फोन बंद झाला. मला वाटलं, नेहमीची थट्टा. सोमवारी ते कॉलेजात आले आणि खिडकीच्या कठड्याला कोपर टेकवून उभे राहिले. मी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी विदर्भाचं नाव काढलं नाही. "पेपर तपास तुये," एवढंच म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी अकोल्यात एक अनोळखी माणूस येऊन गेला. मी तेव्हा परीक्षेच्या कामावर दुसऱ्या चांदूरला, चांदूर रेल्वेला होते. नसते तर कदाचित पुढचा घोळ टळला असता. त्या माणसाचा शर्ट कडक इस्त्रीचा, काखेत फाईल. तो आधी जठारपेठेत गेला आणि सरांच्या शेजारच्या अण्णांना त्याने विचारलं, "यांच्या घरात काही आजारपण आहे का? जुनं काही दुखणं? औषधं चालू आहेत?"

अण्णा हुशार माणूस. सरांची मुलगी लग्नाची आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. अनोळखी माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि घरातल्या आजारपणाची चौकशी! अण्णांनी ओळखलं, हा मुलाकडचा माणूस. त्यांनी त्याला आत बसवला, पोहे दिले आणि सांगितलं, "सर म्हनजे तब्येतीनं ठनठनीत! दिवसभर उभे राहतात तरी पाय नाई दुखत. त्यायच्या अख्ख्या खानदानात कोनाले साधी सर्दी नाई." तिथून तो माणूस कॉलेजात आला. आमच्या शिपायाने त्याला अभिमानाने सांगितलं, की सर आजारी वगैरे काही नाहीत, ते विदर्भासाठी उभे आहेत, आणि शाल मिळाल्याचा फोटोही दाखवला.

तो माणूस विमा कंपनीचा होता.

हे सगळं मला कळलं ते अकोल्याच्या बसस्थानकावर, शनिवारी. सर गाड्यांच्या वेळांच्या फळ्याकडे पाहत उभे होते. त्यांनी कंपनीचं पत्र माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे मुळीच न पाहता, त्या फळ्याला सांगावं तसं सांगितलं.

"मले दुखते. लय वर्षं झाले. जिथं सायकलची शीट लागते ना, तठी. बसलो का निखाऱ्यावर बसल्यावानी होते. उभं राहिलो का जरा थांबते."

मूळव्याध समजून एकाने कापाकापी केली होती, दुसऱ्याने कंबरेचे पट्टे दिले, मग गोळ्या, सुया, व्यायाम, तेलं. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी ओळखलं, की तिथली एक नसच बिघडली आहे. त्यांनी माकडहाडाच्या वर, त्या नसेच्या मुळाशी, एक बारीक तार घालून पाहिली. तिच्यातून हलके हलके झटके जातात, आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. ती फक्त परीक्षेपुरती तार होती. यंत्र बाहेर, पट्ट्याला अडकवलेलं. गुण आला तर काडेपेटीएवढं यंत्र कातडीखाली कायमचं बसवायचं. गुण आला होता. खुर्चीतला तो फोन त्या दिवसांतला होता. मग ठरल्याप्रमाणे तार काढली आणि सर पुन्हा उभे राहिले. कायमच्या यंत्राची किंमत अशी होती की जठारपेठेतलं घर नाहीतर चांदूर बाजारचं वावर, दोन्हींतलं एक विकावं लागलं असतं. म्हणून विमा. आणि कंपनी म्हणत होती, की जुन्या कागदांवर फक्त कंबरदुखी लिहिली आहे, तिच्यासाठी हे यंत्र लागत नाही; शिवाय चौकशीत असं आढळलं की विमाधारक धडधाकट असून राजकीय कारणासाठी उभे राहतात.

शेवटचं वाक्य वाचून मला हसू फुटलं. हसता हसता सरांकडे पाहिलं आणि रडूच आलं. इतकी वर्षं शेजारी उभा असलेला माणूस, आणि मी त्याच्या खुर्चीवर डबा ठेवत होते.

"पण मग विदर्भ कशाला काढलात सर? सरळ सांगायचं, दुखतं म्हणून."

"दुखते म्हनलं का लोक विचारतात, कुठी दुखते," सर म्हणाले. "घडीभर बसाले भेटलं नसतं तं चाललं असतं मले. सवय होती. आता चव लागली न."

पुनर्विचाराचा अर्ज मी लिहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी झालेल्या सगळ्या उपायांची यादी दिली, तार घातलेल्या दिवसांचं टिपण दिलं. कंपनीच्या अमरावतीच्या कार्यालयातून बोलावणं आलं, त्यांच्या डॉक्टर मॅडम समक्ष बोलणार म्हणून. अण्णा आणि शिपाई, दोघांनाही आपण काय करून बसलो ते कळलं होतं. अण्णा तर काकूंसमोर तोंड दाखवायला तयार नव्हते. दोघांनी हट्टच धरला, की आम्ही येतो आणि आमच्या तोंडाने सांगतो. त्या दिवशी एसटीत सरांनी रुमाल टाकून जागा धरली, पण निवडणूक घेतली नाही. बडनेऱ्यापर्यंत ती जागा तशीच रिकामी राहिली, आणि कुणाची बसायची छाती झाली नाही. तेव्हा मला कळलं की सर घाबरले आहेत.

मॅडम चाळिशीच्या, बोलायला सौम्य, पण फाईलवरून नजर हलवत नव्हत्या. अण्णांनी सुरुवात केली.

"मॅडम, सरायचं काई खरं नाई. आज हाये, उद्या नाई."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, ठणठणीत आहेत म्हणून?"

"ते मी पाहुन्याले सांगितलं होतं. तुमाले खरं सांगून राहिलो."

शिपायाला वाटलं अण्णा कमी पडले. तो पुढे सरसावला. "सर शिकवता शिकवता पडतात, मॅडम."

"कधी पडले?"

"पडाले आले होते."

"आणि विदर्भाचं काय?"

शिपाई गोंधळला. सरांकडे पाहून म्हणाला, "ते बी खरंच हाये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. आधी या दोघांनी सरांना पैलवान केलं होतं, आता मरणाच्या दारात नेऊन बसवलं. दोन्हींतलं एकही खरं वाटण्यासारखं नव्हतं.

"चूप राहा बे दोघंबी," सर म्हणाले.

"सर, तुम्ही आधी बसा," मॅडम म्हणाल्या. "मान वर करून बोलायचं म्हणजे मला त्रास होतो."

सरांनी खुर्चीकडे पाहिलं. ऑफिसातली साधी प्लास्टिकची खुर्ची. मी म्हणणार होते की त्यांना बसता येत नाही, तेच तर आम्ही सांगायला आलोय. पण त्यांनी हाताने मला थांबवलं. खुर्चीचे दोन्ही हात धरले, आधी एका बाजूने टेकले, मग सगळे बसले. मी त्यांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं. एवढा उंच माणूस, बसल्यावर किती लहान दिसला.

"विचारा," ते म्हणाले.

मॅडमनी एकेक विचारलं. दुखणं कधीपासून, कोणत्या बाजूला, रात्री झोप लागते का. सर सगळ्याची नीट उत्तरं देत होते, वर्गात देत तशी. फक्त कपाळावर घाम फुटला होता, आणि खुर्चीच्या हातांवरची बोटं पांढरी पडली होती.

"जुन्या कागदांवर कंबरदुखी का लिहिलंय?"

"त्या डॉक्टरच्या कंपाउंडरची बायको आमच्या गल्लीत राहते, मॅडम."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. फाईल मिटली. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारते, स्पष्ट सांगा. घरात अशी एखादी जागा आहे का, की जिथे बसलं तर दुखत नाही?"

सरांनी चमकून वर पाहिलं. मागे अण्णा होते, शिपाई होता, शेजारी मी. कायदेमंडळापासून ग्रामपंचायतीपर्यंत कुठल्याही विषयावर तासभर बोलणाऱ्या या माणसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी खिडकीकडे पाहत म्हणाले,

"हाये."

"कोणती?"

"संडास." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. "कमोडवर बसलो का नाई दुखत. घरात बसाची तेवढीच जागा हाये मले. पेपर तठी वाचतो. माह्या पुस्तकाची प्रस्तावना तठीच लिहिली. पन तुमाले कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. या नसेचं दुखणं असलेली माणसं बहुतेक हेच सांगतात. तिथे मधल्या भागावर दाब येत नाही ना. कंबरदुखीवाला असं सांगत नाही, आणि विदर्भवाला तर नाहीच. तुम्ही हे तुमच्या डॉक्टरांनाही बोलला नाहीत?"

"लाज वाटली."

"उठा सर," मॅडम म्हणाल्या. "उठा आता, पुरे."

सर उठले आणि भिंतीला हात लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मॅडमनी सांगितलं, की निर्णय माझ्या एकटीच्या हातात नाही, मी माझं मत लिहून वर पाठवते. डॉक्टरांकडून हे सगळं स्पष्ट लिहून आणा. आश्वासन काहीच दिलं नाही. पण दारापर्यंत सोडायला आल्या.

परतीच्या गाडीत सर धरलेल्या जागेशेजारी दांडा धरून उभे होते. मग अण्णांनी हळूच तोंड उघडलं. "म्हनूनच मी सकाळी पेपर मागाले आलो का वहिनी म्हनत, पेपर आतमदी हाये." शिपाई फुस्सकन हसला. मी पदर तोंडाला लावला. आणि मग सर स्वतः इतके हसले की दांड्यावरचा हात सुटला. बडनेरा मागे पडलं होतं. शेजारची रिकामी जागा पाहून एक आजोबा घुटमळत होते. सरांनी घसा साफ केला.

"लोकशाही हाये," ते म्हणाले.

नंतरचे आठवडे वाईट गेले. कंपनीने आणखी एक कागद मागितला, तो दिला. मग आणखी एक. काकू एकदा फोनवर म्हणाल्या, "आता घरात सगयेच त्यायले विचारतात, दुखते काय. आधी एकटी मी विचारत होती." वावराला गिऱ्हाईक बघावं का, असंही सरांनी बोलून दाखवलं, आणि त्या दिवशी ते वर्गावर गेले नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांना थट्टा न करता दिवस काढताना पाहिलं.

आणि मग एका दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते, तर सर तास अर्धा टाकून आत आले. हातात मोबाईल. त्यांच्या खुर्चीवरचा माझा डबा उचलला आणि टेबलावर ठेवला. मग छत्री. मग पेपरांचा गठ्ठा.

"तुहा संसार दुसरीकडं मांड आता," ते म्हणाले. "हे खुर्ची लागन मले."

मी उठून त्यांच्या पायाच पडले. कॉलेजात असं करायची पद्धत नाही, पण मला दुसरं काही सुचलंच नाही.

यंत्र नागपूरला बसलं, कंपनीच्या खर्चाने. त्याला एक रिमोट मिळाला, झटके कमीजास्त करायचा. सर तो शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवतात. आमचा शिपाई अजून त्या रिमोटला घाबरून असतो. सगळंच दुखणं गेलं असं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, घडीभर बसा, मग उठून फिरा, हावरटपणा करू नका. बैठकांना सर आता बसतात, आणि त्यामुळे आमच्या बैठका पुन्हा लांबायला लागल्या आहेत.

यंदाच्या थंडीत वावरात रोडगे झाले. सर किटली घ्यायला निघाले, तर ती मी आधीच पळवली होती. "बायायची पंगत पयली," मी म्हटलं, "आणि तुम्ही तिच्यात बसायचं, काकूंच्या शेजारी." सर लाजले. साठीला आलेला माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता. काकू आधीच बसल्या होत्या. सर त्यांच्या शेजारी सतरंजीवर जपून, बेताने बसले, मांडी घातली, आणि काकू पत्रावळ ओढत म्हणाल्या, "सरका जरासे, मांडी लागून राहिली." इतक्या वर्षांत जेवताना नवऱ्याची मांडी लागण्याची त्यांना सवयच नव्हती.

दुसऱ्या पंगतीच्या आशेने झाडाखाली उभ्या असलेल्यांत भाऊसाहेबही होते. सरांना बसलेलं पाहून ते काठी टेकत पुढे आले. मिशा थरथरत होत्या.

"सर," भाऊसाहेब म्हणाले, "झाला काय विदर्भ?"

सरांनी हातातला रोडगा खाली ठेवला.

"माह्यापुरता झाला, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आता शाल परत मागतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी काठी माझ्या किटलीकडे रोखली. "पाहून काय राहिली पोरी? वाढ त्याले."

मी वाढलं. रोडगा बुडून गेला तरी धार सोडली नाही. सरांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले, मी हातांवर ओतलं.

"नको गं, पोटात जागा नाई!"

इतकी वर्षं या वाक्याची मी वाट पाहत होते. "मग उभे राहा घडीभर," मी म्हटलं. "उभ्या माणसात जास्त मावतं."

"नाई," सर म्हणाले. "उभं राहत नाई. अठीच वाढ."

पंगतीचं जेवण उरकलं. बायकांच्या हातांवरचं वरण वाळलं, झाडाखालचे पुरुष भुकेल्या पोटावर हात फिरवत होते, भाऊसाहेबांनी दोनदा आराकडे पाहिलं. सर जेवत नव्हते, बोलत नव्हते, नुसते बसले होते, आणि काकू समोरच्या तुरीच्या पिकाकडे पाहत त्यांच्याजवळ बसल्या होत्या. पंगतीत कुणी बसलेलं असताना बाकीच्यांनी आधी उठायचं नसतं. त्या दिवशी कुणीच उठलं नाही.